भात नक्को: हैदराबादेत पेलिओवर बारा दिवस

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या गाळल्या आहेत. बाकी जसं बोलले तसं.)



आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं होतं: ताई, घरी डाएट जमतं गं, पण ऑफिसच्या कामाला दुसऱ्या गावी गेलं की सगळं बोंबलतं, तेव्हा तू काय करतेस? तर मी नुकतीच बारा दिवस हैदराबादला जाऊन आले. क्लायंटकडे गो-लाइव्ह होतं. मी पेलिओवर होते. आणि वर रमजान चालू होता.

ज्यांना पेलिओ माहीत आहे त्यांना इथेच हसू आलं असेल. बिर्याणीचं गाव, आणि ही बाई भात खात नाही.

आधी मी हे का करते ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं नखरे वाटेल. माझ्या बाबांना शेहेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. आता ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, डोळ्यांच्या पडद्यावर लेसर करून झालंय, आणि रात्री स्कूटर चालवणं त्यांनी बंद केलंय. सोलापूरचा माणूस, रात्री नऊनंतर चौकात गप्पा मारायला जाणार नाही म्हणजे काय, हे सोलापूरकरांनाच कळेल. मागच्या नोव्हेंबरात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा पट्टा. डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नकोस, पण बसूनही राहू नकोस. आणि ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. आयसीएमआरचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात भारतात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर, असा अंदाज आहे. म्हणजे आत्ता ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण त्या साडेतेरा कोटींत आहेत आणि त्यांनी अजून तपासलेलं नाही.

आता पेलिओ म्हणजे काय, ते झटपट. शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात होता ते खा, असं त्याचं म्हणणं. १९७५ मध्ये वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकी पोटाच्या डॉक्टरने यावर पुस्तक लिहिलं, १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर यांचा लेख मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने त्याची फॅशन झाली. बंद काय: सगळी धान्यं, सगळ्या डाळी-कडधान्यं, दूध-दही-पनीर, साखर, रिफाइंड तेलं. चालू काय: मटण, चिकन, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा, रताळी. आणि हो, शेंगदाणा हा सुकामेवा नाही, ती शेंग आहे, म्हणजे बंद. सोलापूरच्या मुलीला शेंगाचटणी बंद. यावर मी जास्त बोलत नाही, मला त्रास होतो.

ती अश्मयुगाची गोष्ट मला स्वतःला फारशी पटत नाही. जॉर्डनमध्ये शुबायका म्हणून एक जागा आहे, तिथे साधारण १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत पोळीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडले. शेती त्यानंतर चारेक हजार वर्षांनी आली. म्हणजे आपल्या शिकारी पूर्वजांनाही पोळी लाटायची हौस होतीच. अभ्यास म्हणाल तर स्वीडनमध्ये लिंडेबर्ग यांच्या गटाने २००७ मध्ये एक केला, त्यात पेलिओवाल्यांची साखर जास्त सुधारली, पण माणसं किती? एकोणतीस. आठवडे किती? बारा. आमच्याकडे एवढ्या डेटावर कोणी बटणाचा रंगसुद्धा बदलत नाही.

मग मी का करते? कारण माझ्यासाठी ती व्हाइटलिस्ट आहे. 'कमी खा, बेताने खा' हा नियम मला चालवता येत नाही. बेताने म्हणजे किती, हे रात्री अकरा वाजता डिप्लॉयमेंट फसलेलं असताना कोण ठरवणार? 'हे चालतं, हे चालत नाही' असा नियम मला चालवता येतो. तुम्हाला दुसरा जमत असेल तर तो करा, भाकरी मोजून खा, माझं काही म्हणणं नाही.

चला, हैदराबाद.

माझा मुक्काम माधापूरला. हायटेक सिटीचा भाग. तिथल्या नाश्त्यात पेलिओला जागाच नाही. इडली, डोसा, उपमा, पेसरट्टू, पुरी. तांदूळ, उडीद, रवा, मूग, मैदा. सगळी यादी बंद पडते. हॉटेलच्या बुफेत तीन अंडी, पपई, कलिंगड, आणि डोश्याच्या काउंटरवरच्या दादाला सांगून तव्यावर टाकलेला कांदा-टोमॅटो, हा माझा बारा दिवसांचा नाश्ता. कंटाळा आला का? आला. पुढे चला.

मजा दुपारी सुरू होते. त्या भागात आंध्र मेस गल्लोगल्ली आहेत. केळीचं पान, त्यावर भाताचा डोंगर, पप्पू म्हणजे डाळ, सांबार, रसम, दही. जेवणाचा पाया भात आणि डाळ, आणि मला दोन्ही नको. पण ज्या गोष्टी तिथे भाताच्या कडेने खातात, त्या एकाहून एक आहेत. गोंगुरा मांसम. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी! मटणात अंबाडीचा पाला, लसूण, हिरवी मिरची, आणि ती आंबट-तिखट चव. आपण अंबाडीत तांदळाच्या कण्या घालतो, डाळ घालतो, ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो. मटणात का घातली नाही इतकी वर्षं, हा प्रश्न मी आईला फोनवर विचारला. आई म्हणाली, घालून बघ आणि तूच खा.

नाटु कोडी म्हणजे गावठी कोंबडी. रोय्यल वेपुडू म्हणजे कोळंबी परतून. चेपल पुलुसू म्हणजे चिंचेच्या रश्श्यातला मासा. कोर्रमीनू नावाचा एक गोड्या पाण्यातला मासा मिळतो, तेलंगणाचा राज्यमासा आहे तो, काटे कमी, आमच्यासारख्या कोरडवाहू भागातल्या लोकांनाही खाता येतो. हे सगळं व्हाइटलिस्टमध्ये बसतं.

थोडं तेलुगू मला येतं, कारण सोलापुरात आमच्या गल्लीत अर्धी घरं पद्मशाली विणकरांची. पण तुम्हाला येत नसेल तरी चार शब्द पाठ करा. अन्नम म्हणजे भात. पेरुगु म्हणजे दही. पल्लीलु म्हणजे शेंगदाणे. वद्दु म्हणजे नको. 'अन्नम वद्दु' म्हणालात की मेसमधला वाढपी आधी हसतो, मग विचारतो, तब्येत बरी नाही का? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. तिसऱ्या दिवशी न विचारता भाताऐवजी भेंडीचं वेपुडू दुप्पट वाढतो. म्हणून माझा पहिला सल्ला: रोज नवीन हॉटेल शोधू नका. एकच जागा धरा. झोमॅटोवर सूचनांच्या चौकटीत दहा ओळी लिहून जे होत नाही, ते ओळखीच्या वाढप्याकडून होतं.

आणि एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती आणि मी तुम्हाला सांगतेय: करी पॉइंट. हैदराबादेत ही छोटी दुकानं ठिकठिकाणी आहेत. तिथे भात-पोळी मुख्य नाहीच. नुसत्या भाज्या, रस्से, फ्राय, प्लास्टिकच्या छोट्या पाकिटांत बांधून मिळतात. कारण काय, तर नोकरी करणारी माणसं घरी कुकरला भात लावतात आणि कालवण विकत आणतात. म्हणजे बघा, सगळं शहर भातावर जगतं, म्हणूनच भाताशिवायचं जेवण विकणारी दुकानं तिथे आहेत. पुण्यात मला कोणी नुसती भाजी चांगल्या भावात देत नाही, थाळी घ्या म्हणतात. तिथे तोंडल्याचं वेपुडू, वांग्याची भाजी, दोडका, अंड्याची करी अशी चार पाकिटं घेऊन मी खोलीवर जायची, वाटी-चमचा बरोबर नेलेला होताच, आणि लॅपटॉपसमोर जेवायची. ऑफिसच्या जेवणभत्त्यात बसून वर पैसे उरायचे. फक्त विचारून घ्या. तोंडल्यात शेंगदाणे असतात बऱ्याचदा, किंवा भाजलेल्या डाळ्यांची पूड वरून भुरभुरतात. फोडणीत उडीद-हरभऱ्याची डाळ असते, ती मी बाजूला काढत बसत नाही. फोडणीतल्या सहा दाण्यांसाठी माणसाने आयुष्य घालवू नये.

मिरची का सालन आणि बघारे बैंगन मात्र विचारायचीही गरज नाही. दोन्हींच्या वाटणातच शेंगदाणा आणि तीळ. वास येतो, छान येतो, पुढे जायचं.

हॉटेलातली खरी अडचण दिसते त्यात नसते, न दिसणाऱ्यात असते. भात दिसतो, नान दिसते, ते टाळता येतं. कॉर्नफ्लोअर दिसत नाही. अपोलो फिश हा तिथला लाडका स्टार्टर, मेनूवर 'फिश' लिहिलेलं, पण माशाला कॉर्नफ्लोअर-मैद्याचं पांघरूण. चिकन सिक्स्टीफाइव्हचं तेच. शिकमपूर कबाब ऐकायला मटणाचा, पण खिम्याबरोबर हरभऱ्याची डाळ वाटलेली आणि पोटात दही. सीख कबाबला बांधायला कुठे अंडं, कुठे बेसन, कुठे डाळ्यांचं पीठ. तंदुरी चिकन बहुतेक ठिकाणी दह्यात मुरवलेलं. काजूची पेस्ट चालते, पण तिच्याबरोबर साय येते. त्यामुळे 'ग्लूटेन फ्री आहे का' असं विचारून उपयोग नाही. वेटर बिचारा 'येस मॅम' म्हणतो, कारण नाही म्हणायला त्याला शिकवलेलंच नाही. उघडा प्रश्न विचारा. 'याला बांधायला काय घालता?' 'मुरवायला काय लावता?' याला हो-नाही असं उत्तरच देता येत नाही. मग तो आत जाऊन विचारून येतो. आमच्याकडे टेस्टिंगमध्येही हेच आहे, युजरला 'चालतंय का' विचारू नये, 'करून दाखव' म्हणावं.

साखळी हॉटेलांत आणखी एक सोय आहे. एफएसएसएआयच्या नियमांनुसार ज्यांच्या दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत, त्यांना मेनूवर पदार्थाच्या कॅलरी द्याव्या लागतात आणि ॲलर्जीची माहितीही. त्या यादीत ग्लूटेनवाली धान्यं, दूध, शेंगदाणे, सोयाबीन येतात. म्हणजे पेलिओत जे बंद, त्यातलं बरंचसं. ही यादी ॲलर्जीवाल्यांसाठी आहे, पण आपल्याला फुकटात फिल्टर मिळतो. हरभरा, मूग, तांदूळ त्यात नाहीत, तेवढं डोळ्याने बघायचं.

आणि तेल? सांगते. बाहेर खाताना तेलाची चौकशी मी करत नाही. कढईत कुठलं तेल आहे हे वेटरला माहीत नसतं, आणि कळलं तरी ते बदलणार नसतं. पेलिओच्या कट्टर लोकांना हे आवडणार नाही. त्यांनी बारा दिवस खोबरेल तेलाची बाटली घेऊन फिरावं.

बिर्याणीचं काय, हे तुम्ही विचारणारच. कच्च्या गोश्तची बिर्याणी म्हणजे मुरवलेलं कच्चं मटण खाली, अर्धवट शिजलेला भात वर, आणि दम. त्यातलं मटण उचलून खायचं आणि भात सोडायचा, असं करणारे लोक मी पाहिलेत. माझ्याच्याने होत नाही. आमच्या घरी ताटात भात टाकून उठलं की आजी काही बोलायची नाही, फक्त बघायची. त्यामुळे बिर्याणी मागवलीच नाही. टीमने मागवली त्या दिवशी मी तलावा गोश्त घेतलं, परतलेलं मटण, मिरी-मीठ-हळद-आलं-लसूण, संपलं. कोणाचं लक्षही नव्हतं. आपल्याला वाटतं सगळे आपल्या ताटाकडे बघतायत. लोक बिर्याणीकडे बघत असतात हो.

आता रात्रीचं जुनं शहर. रमजानात चारमिनारच्या आसपास रात्र नसतेच. इफ्तारनंतर दुकानं उघडतात ती सहरीपर्यंत. ऑफिसमधल्या चौघींबरोबर मी गेले. तिथे पत्थर का गोश्त खाल्लं. ग्रॅनाइटची जाड फरशी निखाऱ्यांवर तापवलेली, त्यावर मटणाचे पातळ काप, कच्ची पपई आणि मसाला लावून मुरवलेले. सांगतात की सहावे निजाम महबूब अली खान शिकारीला गेले, कबाबाच्या सळया घरीच राहिल्या, मग खानसाम्याने दगड तापवला. खरंखोटं देव जाणे, पण दगडावर भाजलेलं मांस! पेलिओवाल्यांना यापेक्षा जास्त काय पाहिजे? फक्त ते पातळ परोट्यासारखं काही बरोबर देतात, ते 'नक्को'.

हा 'नक्को' शब्द बघा जरा. दखनी बोलीत 'नको'ला नक्को म्हणतात, आणि तो आपल्याच मराठीतून गेलाय. 'मैंच', 'अभीच' यातला 'च' पण आपलाच. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून दोन्ही भाषा एकमेकींच्या शेजारी राहिल्यात. त्यामुळे डाएटवाल्या मराठी माणसाला हैदराबादेत सगळ्यात उपयोगी शब्द आधीच पाठ असतो. 'चावल नक्को, रोटी नक्को, शक्कर नक्को.' इराणी चहा मात्र दूध-साखरेशिवाय होतच नाही, तिथे सुलेमानी मागायचा, बिनसाखरेचा. उस्मानिया बिस्किटाकडे बघायचं नाही.

पहाटे साडेतीनच्या सुमाराला पाया मिळाला. मटणाच्या पायांचा पातळ रस्सा, वाटीभर, बरोबर चौकोनी कुलचा देतात तो मी मैत्रिणीला दिला. थंडीत आजीने लहानपणी सर्दीला दिलेल्या पायाच्या रश्श्याची आठवण झाली. हा भाग मी पुन्हा करायला तयार आहे, उद्या सांगा.

आता हलीम. आणि इथे मला थोडं थांबायचंय.

हैदराबादी हलीमला २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालं. मटण, गहू, डाळी, तूप, आणि तासन्‌तास घोटणं. म्हणजे पेलिओच्या हिशोबाने गहू बंद, डाळ बंद. मी पहिले नऊ दिवस रोज चार भट्ट्यांसमोरून गेले आणि नाही खाल्लं. मग टीममधल्या एका सहकाऱ्याने इफ्तारला घरी बोलावलं. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, तूर्त भात-गहू खात नाही, साखरेचं कारण आहे. हे आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे मंडळी. ताट वाढल्यावर सांगितलं तर तो नकार होतो, दोन दिवस आधी सांगितलं तर ती माहिती असते.

त्याच्या अम्मींनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. मोठी देगची, लाकडी घोटणी, दोघी जणी आळीपाळीने घोटत होत्या. सकाळपासून कोणी पाण्याचा घोट घेतलेला नाही. बाहेर मार्चचं ऊन. आणि मी तिथे कॉर्नफ्लोअर चालत नाही म्हणणारी बाई. मला लाज वाटली असं नाही, पण प्रमाण कळलं. अम्मी म्हणाल्या, "चावल नक्को, रोटी नक्को, तो खाते क्या बेटा तुम?" मी सांगितलं, मटण खाते, भाज्या, फळं. त्यांनी मान हलवली आणि एका झाकलेल्या भांड्याकडे बोट दाखवलं. गहू मिसळायच्या आधीच त्यांनी माझ्यासाठी शिजलेलं मटण आणि त्याचा रस्सा बाजूला काढून ठेवला होता. वर म्हणाल्या, "मेरे कू बी शुगर है. मैं समझती."

अजानच्या वेळी खजूर, कलिंगड, खरबूज. पेलिओला फळं चालतात, पण साखरेच्या माणसाला 'पेलिओत बसतं' एवढं पुरत नाही. दोन खजूर खाल्ले, थांबले. मग ते बाजूला काढलेलं मटण जेवले. आणि मग मी वाटीभर हलीम मागून घेतलं. मागून. त्यांनी आग्रह केलेला नव्हता, उलट त्या म्हणाल्या राहू दे. मला खायचं होतं. बारा दिवसांत एक वाटी, ठरवून, ज्या घरी ते घोटताना मी पाहिलं त्या घरी. वर तळलेला कांदा, लिंबू. त्याचं वर्णन करत नाही, कारण तुम्ही आत्ता ऑफिसात असाल.

दोन तासांनी खोलीवर बोट टोचून साखर बघितली. १३१. गोंगुरा मटण आणि भेंडी खाल्लेल्या दिवशी याच वेळी १०८ होती. घरच्या मशीनमध्ये पंधरा टक्के इकडेतिकडे धरावं लागतं, त्यामुळे या दोन आकड्यांवर कोणी प्रबंध लिहू नका. पण हलीममध्ये मटण, तूप, डाळ भरपूर असते, त्यामुळे नुसत्या भाताइतकी उडी मारत नाही, असा माझा अंदाज होता आणि निदान त्या रात्री तो खोटा ठरला नाही.

दुसऱ्या दिवशी परत व्हाइटलिस्ट. यावर एका मित्राने मला ऐकवलं, की मग नियम तुटला ना? माझ्या मते नाही तुटला. नियम कोणासाठी आहे? रात्री अकराला थकून काहीही मागवणाऱ्या माझ्यासाठी. अम्मींच्या स्वयंपाकघरात बसलेली मी थकलेली नव्हते. हा फरक ज्याला स्वतःपुरता करता येतो त्याने करावा. ज्याची एक वाटीची चार होतात, त्याने करू नये. माझ्या बाबांचं आमरसाच्या बाबतीत तसंच होतं आणि ते त्यांना चांगलं माहीत आहे.

आता तुमचे काही प्रश्न पटापट घेते.

शाकाहारी आहे, जमेल का? खरं सांगू, कडक पेलिओ शाकाहारात जमणं फार कठीण. डाळी गेल्या, पनीर गेलं, मग प्रथिनं कुठून आणणार? अंडी खात असाल तर थोडं सुटतं. तमिळनाडूत पेलिओचा एक देशी अवतार लोकप्रिय आहे, त्यात पनीर, तूप, बदाम चालवतात. मूळ नियमात तो बसत नाही, पण शाकाहारी माणसाला तो जास्त शहाणपणाचा वाटतो मला. दूध बंद असेल तर कॅल्शियमचं मात्र डॉक्टरांशी बोला.

प्रवासात काय खाल्लं? पुणे–सिकंदराबाद शताब्दी. घरून सहा उकडलेली अंडी, काकड्या, भाजलेली रताळी आणि बदाम. अंडी वेगळ्या घट्ट डब्यात न्या आणि एसी डब्यात उघडताना शेजाऱ्याला आधी सॉरी म्हणा.

फळं कुठे? रैतू बाजार. शेतकरी थेट विकतात, १९९९ पासूनची योजना आहे. मेहदीपट्टणमचा मी बघितला. उन्हाळ्यात गेलात तर रस्त्याकडेला मुंजलू, म्हणजे आपले ताडगोळे. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर महबूबनगरकडची बालानगर जातीची सीताफळं येतात, ती गोडीला भारी, म्हणून माझ्यासारख्यांनी अर्धंच खायचं.

गोळ्या चालू असताना हे करू का? थांबा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन अशी असतात, की भात-पोळी एकदम बंद केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. चक्कर, घाम, बेशुद्धी. बाबांना मी म्हणूनच हे करू दिलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी डोस बघितल्याशिवाय पॉडकास्ट ऐकून काही बदलू नका. किडनीचा त्रास असेल तर मटणाच्या वाट्या वाढवायच्या आधीही विचारा.

आणि शेवटचा, सगळ्यात जास्त वेळा आलेला: तुझा रिपोर्ट काय आला? फेब्रुवारीत ५.९ होता. ६.१ वरून ५.९, एवढा फरक लॅब बदलली तरी येऊ शकतो. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे हैदराबादचे बारा दिवस त्यात वेगळे दिसणारही नाहीत. पुढची तपासणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. जो आकडा येईल तो इथेच सांगेन, चांगला असो की वाईट.

अंबाडी-मटणाची कृती मेसच्या काकूंनी तोंडी सांगितली होती, ती खाली मजकुरात टाकणार होते, पण आईने परवा खरंच करून बघितलं आणि तिने त्यात चार बदल केलेत. दोघींची भांडणं मिटली की टाकते. भेटू पुढच्या गुरुवारी.